उन्हाने चढणारी नदी

जुलैत पुण्यात फोन उचलला की ख्यालीखुशाली नंतर, आधी प्रश्न येतो, “पाणी सोडलं का?” कुणी, कुठून, कुठे, हे विचारावं लागत नाही. खडकवासल्यातून, मुठेत. मग आकडा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हे आमच्या भाजीवाल्या मावशींना सांगता येणार नाही. पण किती हजारांवर भिडे पूल पाण्याखाली जातो आणि किती हजारांवर नदीपात्रातल्या गाड्या हलवायच्या, हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं.

आमच्या आईचं तर त्याहून पुढचं. ती नारायण पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वाड्याच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं त्याची खूण पुढे कित्येक वर्षं होती, आणि घरातली पोरं वाढायला लागली की आजी त्यांना त्या खुणेशी उभं करून म्हणायची, “अजून बुडशील.” आई आजही गच्चीत गेली की आधी पश्चिमेकडे बघते. सिंहगडाच्या अंगाला काळं झालं असेल तर उद्या नदी चढणार. ऊन पडलं तर उतरणार. साठ वर्षांत तिचा हा हिशेब फारसा चुकलेला नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. ‘हिमालयातल्या नद्या बारमाही, दख्खनच्या पठारावरच्या हंगामी’ हे वाक्य मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. मुलं पाठ करतात, दोन गुण मिळवतात, विसरतात. मीही लहानपणी तेच केलं होतं. ‘बारमाही’ या शब्दात काय काय दडपलंय याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती, कारण मी बर्फाची नदी बघितलेलीच नव्हती.

२०२४ च्या जूनअखेरीला नवऱ्याच्या मित्रमंडळींबरोबर हिमाचलमधल्या लाहौलला जायचं ठरलं. शाळा नुकती उघडलेली, त्यामुळे रजेच्या अर्जावर सही मिळाली ती तोंड वाकडं करूनच. आईने वेगळंच कॅलेंडर काढलं. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या ३० जूनला पुण्यात येणार होत्या. “पालख्या गावात यायच्या आणि तुम्ही गाव सोडून निघायचं,” एवढंच म्हणाली, पण ते ‘एवढंच’ दोन दिवस घरात फिरत राहिलं. शेवटी मी तिला मोबाईलवर नकाशा दाखवला. चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांडी नावाच्या गावापाशी एकत्र येतात आणि पुढे होते चंद्रभागा. खाली जम्मूकडे तिलाच चिनाब म्हणतात.

आईने चष्मा सारखा केला. “म्हणजे आपलीच?”

“नाही गं, ही वेगळी.”

“नाव तेच ना?”

पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा. तिथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ते नाव. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि उजनी ओलांडून ते सगळं पाणी विठोबाच्या पायाशी जातं. म्हणजे ‘आपली’ म्हणण्यात आईचं चूक नव्हतं, फक्त नदी दुसरी होती. “मग बाटलीभर आण,” ती म्हणाली, आणि पालख्यांचा विषय मिटला.

*

मनालीहून अटल बोगद्यातून बाहेर पडलं की दुनिया बदलते. पाऊस मागे राहतो, झाडं मागे राहतात. ग्राम्फूपासून छतरू, बातल, चंद्रताल असा रस्ता आहे; रस्ता म्हणजे दगड जरा रांगेत आहेत इतकंच. तो जागोजागी नाल्यांतून जातो. त्यांवर पूल नाहीत, गाडी पाण्यात घालायची. ‘पागल नाला’ नावाचे नाले त्या मुलखात एकाहून जास्त आहेत, यावरून काय ते समजावं.

आमच्या ड्रायव्हरने आदल्या रात्री बजावलं होतं, पहाटे साडेपाचला निघायचं. आम्ही सुट्टीवर आलेले पुणेकर. एकाने आभाळाकडे बोट दाखवलं. निळं स्वच्छ, ढगाचा ठिपका नाही. पाऊस नाही तर घाई कसली? ड्रायव्हर हसला. “आसमान साफ है, इसीलिए तो.”

आम्हाला ते विनोदासारखं वाटलं. सकाळी नाला ओलांडला तेव्हा पाणी चाकाच्या अर्ध्यालाही नव्हतं. चंद्रतालचा तलाव बघितला, फोटो काढले, उशीर केला. परतताना दुपारी तीन वाजता त्याच नाल्याशी आलो तर अलीकडे अकरा गाड्या थांबलेल्या. सकाळचा ओढा आता गढूळ, फेसाळ, मोठमोठे दगड आतून गडगडत नेणारा. आणि डोक्यावर लख्ख ऊन. मी आपसूक डोंगराच्या मागे बघितलं, कुठे तरी वर पाऊस पडला असेल म्हणून. सवय. कुठेही काही नव्हतं. त्या दिवशी लाहौलमध्ये पाऊस नव्हताच. होतं ते फक्त ऊन. पूर आला होता तो उन्हाचा.

गाडी वळवून बातलच्या ढाब्यावर रात्र काढली. पुण्यात ऊन म्हणजे नदीची सुट्टी. इथे ऊन म्हणजे नदीची ड्युटी. सूर्य माथ्यावर येतो बाराला, बर्फ सगळ्यात जोरात वितळतो एक-दोनच्या पुढे, आणि वितळलेलं पाणी थरांमधून झिरपत, हिमनदीच्या पोटातल्या भुयारांतून वाट काढत नाल्यात यायला आणखी काही तास घेतं. म्हणून वरच्या नाल्याला दुपारनंतर फुगवटा, आणि तोच फुगवटा खाली पंधरा-वीस किलोमीटरवर रात्री पोचतो. रात्री अकराला चंद्रेचा आवाज इतका चढला की नवरा टॉर्च घेऊन बाहेर बघून आला. पहाटे चारला तीच नदी कुजबुजत होती. काठच्या दगडांवर ओल्याची रेघ राहिली होती, हातभर वर. पहाटेच आम्ही नाला ओलांडला, या खेपेला कुणीही आभाळाकडे बोट न दाखवता.

रोज चढते, रोज उतरते, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखी. आणि ढग आले की? ड्रायव्हरने सांगितलं, दोन दिवस ढगाळ गेले की नाले गरीब होतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “उलट्या काळजाची दिसते.”

*

आई एप्रिल-मेमध्ये अजूनही बेगमी करते. तांदळाला बोरिक पावडर, चिंच मीठ लावून बरणीत, कुरडया, सांडगे, गव्हाचा डबा काठोकाठ. बाहेर मॉल असो, ॲप असो. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही, या एका जुन्या भीतीवर सगळं घर चालतं.

मुठा बिचारी मुळात रोज आणून रोज खाणारी. चार महिन्यांत येतं, धावतं, निघून जातं. तिची बेगमी माणसांनी केली. १८७९ मध्ये खडकवासला पुरा झाला. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर. चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी. हा आकडा पुणेकरांना पाढ्यासारखा येतो, आणि वर्तमानपत्रात रोजचा साठा वाचताना चेहऱ्यावर डब्यात हात घालून तांदूळ किती उरलेत बघणाऱ्या बाईचा भाव असतो.

लाहौलमध्ये हे धरण थंडी बांधते, फुकट. हिवाळ्यात जे पडतं ते वाहत नाही, बसून राहतं. डोंगरउतारावर, छपरावर, शेतात. महिनोन् महिने नदीच्या खात्यात काही जमा होत नाही असं दिसतं आणि प्रत्यक्षात सगळं जमाच होत असतं. जानेवारीत चंद्रा ओढ्याएवढी होते, काठाने गोठते. मग मे-जून उजाडला की धरण उघडायला लागतं. पण हे धरण एकदम रिकामं होत नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडलं. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं, म्हणजे चहाच्या आधणाच्या जवळपास. इतकी उष्णता ओतायची आणि तापमापीचा काटा शून्यावरच. त्याआधी सगळ्या थराला शून्यापर्यंत यावं लागतं. हिवाळ्यात त्याचं पोट उणे दहा, उणे पंधरा अंशांवर असतं. वर वितळलेला थेंब खाली झिरपतो, गारठ्यात पुन्हा गोठतो. जाड बर्फ असा आठवडेच्या आठवडे चिकाटीने धरून ठेवतो. चिकट बायका डब्यावर बसतात तसा.

फक्त एक फरक. आमच्या धरणाच्या दरवाज्यांच्या किल्ल्या अभियंत्यांकडे असतात. त्यांनी रात्री-अपरात्री किती उघडायचे यावरून दर पावसाळ्यात वाद होतात, व्हायलाच हवेत. पण निदान वाद घालायला समोर माणूस असतो. तिथल्या किल्ल्या तापमानाकडे आहेत.

*

केलाँगजवळच्या एका गावात आम्ही तीन रात्री राहिलो. घराच्या मालकीणबाई माझ्याहून थोड्या मोठ्या, आम्ही त्यांना दीदी म्हणायचो. वाटाणा, बटाटा, फुलकोबी अशी शेती. आणि सगळी पाटावर, कारण मान्सून पीर पंजालच्या डोंगररांगेपलीकडेच थकतो. पाटाला तिथे कूल म्हणतात. मी भूगोलाच्या बाईंच्या थाटात विचारलं, “या वर्षी बर्फ किती पडला?”

दीदींनी उत्तर दिलं नाही; उलट विचारलं, “कौन से महीने का?”

मी गप्प. पुण्यात आपण विचारतो, पाऊस किती झाला? मिलिमीटर सांगा. दीदींना ‘किती’त फार रस नव्हता. डिसेंबर-जानेवारीचा बर्फ कोरडा, थंड. त्यावर पुढचे थर बसतात, तो दाबून घट्ट होतो, जुलैपर्यंत सावलीत टिकतो. मार्चचा बर्फ ओला, जड, दिसायला भरपूर, पण “मेहमान है.” आला तसा जातो. त्या हिवाळ्यात जानेवारी कोरडाठाक गेला होता. मला आठवलं, त्याच जानेवारीत गुलमर्गचे बोडके उतार टीव्हीवर दाखवत होते. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं एकदम पडलं. बेरीज करणाऱ्याला हिवाळा फार वाईट दिसणार नाही. दीदींना तो वाईट वाटत होता.

हे मला परकं वाटायला नको होतं. आमच्या पणज्यांनाही ‘किती’पेक्षा ‘कुठल्या नक्षत्रात’ हे महत्त्वाचं होतं. मृगाचा वेगळा, आर्द्राचा वेगळा. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. काश्मीरमध्ये थंडीला अशीच नावं आहेत: २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलां, मग वीस दिवस चिल्ले खुर्द, मग दहा दिवस चिल्ले बच्चा. चिल्ले कलांमध्ये पडलेला बर्फच खरा, असं तिथले म्हातारे सांगतात. पावसासाठी आपल्याकडे वळीव, झड, संततधार, भुरभुर, सर, शिरवं असे ढीगभर शब्द. आणि बर्फ म्हटलं की डोळ्यासमोर लाकडाचा भुसा चिकटलेली लादी आणि गोळेवाला. त्या एका शब्दावर मी बावीस वर्षं हिमालय शिकवला.

आणखी एक गोष्ट दीदींनी सांगितली ती मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्या कोरड्या जानेवारीत त्यांचा जमिनीत पुरलेला नळ गोठला. एरवी पाच फूट बर्फ असतो तेव्हा गोठत नाही. बर्फ म्हणजे गोधडी. ती नसली की थंडी जमिनीत खोल शिरते. आणि खोल गोठलेल्या जमिनीत वसंतातलं पाणी मुरत नाही. वरच्या वर घसरून नाल्यात जातं. मग जून-जुलैत झरे आटतात आणि लोक म्हणतात, बर्फ तर पडला होता की!

मोजणाऱ्यांची पंचाईतही इथेच आहे. आमच्याकडे पर्जन्यमापक ठेवला की झालं. ताजा पडलेला भुसभुशीत बर्फ दहा सेंटिमीटर असेल तर त्यात पाणी साधारण एक सेंटिमीटर. तोच वसंतापर्यंत मुरून दाबला गेला की तिप्पट-चौपट. म्हणजे ‘पाच फूट बर्फ’ या बातमीतून पाणी किती ते कळतच नाही. शिवाय वारा एका उताराचा बर्फ उचलून दुसऱ्यावर टाकतो, आणि कोरड्या हवेत काही बर्फ पाणी न होताच थेट वाफ होऊन उडतो. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन संस्थेने २०१६ मध्ये स्पितीत साडेतेरा हजार फुटांवर ‘हिमांश’ नावाचं केंद्र उभारलं ते याचसाठी. गोव्याच्या समुद्रावरून निघून बर्फ मोजायला तिथे जाणाऱ्या लोकांबद्दल मला उगाच आपुलकी वाटते.

*

पुण्यात राहून बर्फाशी आपला काय संबंध, असं मला वाटायचं. संबंध रोज बसमधून दिसतो. शिवाजीनगरला जो सिमला ऑफिस चौक आहे, त्याच्या नावाचं कोडं अर्ध्या पुणेकरांना माहीत नसतं. हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला आलं. इमारत आली, घड्याळाचा मनोरा आला, आणि लोकांनी नाव मात्र सिमल्याचंच ठेवलं.

या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर मान्सूनचा अंदाज आधी कळावा यासाठी सरकार हातघाईवर आलं होतं. ब्लॅनफर्डने १८८४ मध्ये एक निबंध छापला: हिमालयात हिवाळा-वसंतात बर्फ जास्त पडला तर पुढचा मान्सून कमजोर. त्यावर आधी प्रायोगिक आणि १८८६ पासून नियमित अंदाज निघू लागले. म्हणजे भारतातला मान्सूनचा पहिला दीर्घकालीन अंदाज ढगाकडे बघून आला नाही, बर्फाकडे बघून आला. नातं इतकं सरळ नाही हे पुढे दिसलं. ब्लॅनफर्डनंतर काही वर्षांनी त्याच खुर्चीत आलेल्या गिल्बर्ट वॉकरने बर्फाच्या जोडीला जगभरचा हवेचा दाब धुंडाळला आणि प्रशांत महासागरावरचा हवेच्या दाबाचा तो झोका शोधून काढला, ज्याचं एल निनोशी असलेलं नातं आज शाळेत शिकवलं जातं.

एल निनो आला, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की मान्सूनच्या काळजीने आपल्या पोटात गोळा येतो. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पण पश्चिम हिमालयातल्या हिवाळ्याचा बर्फ मान्सून आणत नाही. तो भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात आणतात, आणि एल निनोच्या हिवाळ्यात तिकडे बर्फ जास्त पडण्याकडे कल असतो. म्हणजे ज्या वर्षी आपली चंद्रभागा खंगते, त्याच वर्षी त्यांची फुगू शकते. कल म्हणजे नियम नव्हे, हे २०२४ च्या जानेवारीने एल निनो चालू असतानाच दाखवलं. हवामान बदलाच्या गप्पांत आपण तापमानाची सरळ चढती रेघ डोळ्यांपुढे आणतो. दीदींना त्रास रेघेचा कमी, तिच्यावरच्या उड्यांचा जास्त आहे. पूर्ण कोरडा जानेवारी, मग मार्चमध्ये एकदम. एक वर्ष भरपूर, एक वर्ष ठणठणीत. आणि २०२३ च्या जुलैत तर चंद्रतालला इतका बर्फ पडला की जवळपास तीनशे पर्यटक दिवसेंदिवस अडकून पडले. जुलैचा बर्फ! त्याला कुठल्या नक्षत्रात बसवणार?

तरी रेघ आहेच, आणि डोंगरात ती वेगळ्या तऱ्हेने बोलते. वर जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हिशेब उलटा केला तर हवा एका अंशाने तापली की शून्य अंशाची रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. दीडशे मीटर म्हणजे आतकरवाडीकडून सिंहगड चढताना पाव गड. हिमालयात त्या पाव गडाच्या पट्ट्यात किती उतार, किती खोरी येतात! तेवढ्या मुलखात जो बर्फ पडून जूनपर्यंत बसला असता, तो पाऊस होऊन त्याच दिवशी निघून जातो. वर्षाचं पाणी तेवढंच. पण नदी दुसरी. पाणी फेब्रुवारी-एप्रिलमध्ये येतं, जेव्हा शेतात कोणी नाही, आणि जूनमध्ये कमी पडतं, जेव्हा वाटाणा पाण्यावर आलेला असतो. २०२२ चा मार्च आठवतो का? १९०१ पासून देशातला सर्वांत उष्ण मार्च. पुण्यात आम्ही पंखे लवकर पुसले. वर डोंगरात त्या मार्चने बेगमीचे डबे दोन महिने आधी उघडले.

उघडायची युक्ती माणसांनाही पूर्वीपासून येते. लडाखमधल्या झंस्कारकडे वसंतात शेतकरी शेतातल्या बर्फावर माती पसरतात. पांढरा बर्फ दहातलं आठ-नऊ वाटे ऊन परत फेकतो. काळा झाला की पितो, लवकर वितळतो आणि पेरणीला चार दिवस आधी जमीन मिळते. स्वतःच्या वावरापुरती, मोजून पसरलेली माती. आता वाळवंटांतून उडालेली धूळ आणि मैदानातल्या चुली, डिझेल, कारखान्यांची काजळी अख्ख्या पर्वतरांगेवर बसते. त्या काजळीत पुण्याची काही चिमूट असेल का, हे मी मोजू शकत नाही.

*

शेवटच्या संध्याकाळी दीदींनी समोरच्या उतारावरचं गाव दाखवलं. अर्धी शेतं हिरवी, अर्धी पिवळसर. “हमारा नाला ग्लेशियर वाला है,” त्या म्हणाल्या. “उनका सिर्फ बर्फ वाला.”

या एका वाक्यात अख्खा धडा होता. त्या हंगामात पडलेला बर्फ संपला की जुलै-ऑगस्टमध्ये नदीला पोसते ती हिमनदी: बेगमीच्या डब्यामागची, पणजोबांच्या काळापासून भरलेली कणगी. बर्फ कमी पडला की हिमनदीवरची पांढरी चादर लवकर फाटते, खालचा मळकट बर्फ उघडा पडतो, ऊन पितो आणि जास्त वितळतो. म्हणजे दुष्काळाच्या वर्षी हिमनदीचा नाला उलट भरून वाहतो. शेतकऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पलीकडच्या गावाला ही सोय नाही. त्यांना त्याच वर्षी कळतं. दीदींच्या नाल्यातलं ते जास्तीचं पाणी कणगीचा तळ खरवडून येत असतं. हिमनदी आक्रसत गेली की काही दशकं पाणी वाढतं, मग एका टप्प्यानंतर घटायला लागतं. लहान हिमनद्यांच्या खोऱ्यांत तो टप्पा आधी येतो.

जम्मूजवळच्या अखनूरपाशी चिनाबच्या वर्षभराच्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्यांचा वाटा जवळपास निम्मा आहे. भाक्र्याला सतलजमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास, पंडोहला बियासमध्ये पस्तीसच्या. शेजारशेजारच्या तीन नद्या, एकाच पुस्तकात एकाच ओळीत ‘बारमाही’. आम्ही परतल्यानंतरचा हिवाळा, २०२४-२५ चा, आणखी वाईट गेला: हिंदुकुश-हिमालय पट्ट्यात बर्फ जमिनीवर टिकण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी, तेवीस वर्षांतलं नीचांकी, असं काठमांडूच्या इसिमोड संस्थेने सांगितलं. मी दीदींना फोन केला. त्यांनी त्यांच्या नाल्याबद्दल आधी नाही सांगितलं. म्हणाल्या, समोरच्या गावातल्या दोन घरांनी या वर्षी पेरलंच नाही.

*

तांडीला मी बाटली भरली होती. सूर्याचा मुलगा भागा, चंद्राची मुलगी चंद्रा, वेगवेगळ्या वाटांनी निघून इथे लग्न लागतं, अशी तिथली गोष्ट. दोन्ही राखाडी, हिमनदी खाली सरकताना खडक दळते, ते पीठ पाण्यात असतं. घरी पोचेपर्यंत बाटलीच्या तळाशी बोटभर थर बसला होता. आईने उजेडात धरून बघितलं.

“गाळ आहे का गं?”

“डोंगराचं पीठ आहे.”

बाटली देव्हाऱ्यात गेली. २५ जुलैला पहाटे पुण्यात जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल: धरणक्षेत्रात आणि शहरात एकाच वेळी पाऊस कोसळला, नदीकाठच्या एकता नगरीत माणसं झोपेतून उठून कमरेएवढ्या पाण्यात उतरली, आणि खडकवासल्यातला विसर्ग वाढत वाढत ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला. सेकंदाला दहा लाख लिटर. आई दिवसभर टीव्हीसमोर बसून होती, १९६१ च्या खुणेकडे बघावं तशी. आदल्या दिवशीचा पाऊस, आजची नदी. मुठेत लपवाछपवी नाही. जे पडतं ते ती तोंडावर सांगते.

त्या शनिवारी नववीच्या वर्गात मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खडू हातात धरून थांबले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, बारमाही म्हणजे बाराही महिने सारखंच पाणी?” मी नाल्याची गोष्ट सांगितली, तास संपला, धडा राहिला. परीक्षेत मात्र दोन गुण त्याच वाक्याला आहेत, हेही सांगून टाकलं.

पाणी जरा उतरल्यावर आई म्हणाली, ओंकारेश्वराशी जाऊ. घाटाच्या वरच्याच पायरीवर उभं राहून तिने बाटली उघडली, थोडं तीर्थ म्हणून ठेवलं आणि उरलेलं मुठेत ओतलं, पिठासकट. लाल-तपकिरी पाण्यात राखाडी धार दिसली न दिसली.

“जाईल पंढरपूरला,” ती म्हणाली.

मी, भूगोलाची शिक्षिका, गप्प कशी बसणार? “मध्ये उजनी आहे, आई. अजून भरतीये. तिथेच अडेल.”

“अडू दे,” आई बाटलीचं झाकण लावत म्हणाली. “भरली की सोडतील. नाहीतर कार्तिकीला सोडतीलच की.”